कानाच्या मशीनची पाळी

भोइट्यांच्या घरात वर्षाला एकच नवी वस्तू यायची, आणि ती दसऱ्याला. दौलतसिंह भोइटे बँकेत बंदूकधारी गार्ड होते. हिंदी मुलखातल्या त्यांच्या शहराचा बाजारचौक म्हणजे महाराज बाडा, तिथल्या शाखेच्या दारात त्यांनी एकतीस वर्षं उभं राहून काढली. बापजादे फौजेतले, तेव्हा खंडेनवमीला शस्त्रपूजा व्हायलाच हवी. पण घराण्याची तलवार थोरल्या काकांकडे गेलेली आणि बंदूक नोकरी संपल्यावर विकलेली. मग पाटावर मांडायचं काय? शालिनीताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, यावर तोडगा काढला होता. रोज हाताला लागतं ते आपलं शस्त्र, असं म्हणून त्या मनगटी घड्याळ, बॅटरी, दाढीचं मशीन, मोबाइल असं सगळं पाटावर ओळीनं मांडायच्या. हळदकुंकू वाहता वाहता कुठल्या वस्तूनं मान टाकलीय तेही बघून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी, सोनं वाटायच्या आधी, तेवढी एक वस्तू बाड्यावरून नवी यायची. बाकीच्यांनी पुढच्या दसऱ्यापर्यंत दम धरायचा.

आणि वस्तू दम धरायच्या, कारण दुसरा इलाज नव्हता. बॅटरी दोन थपडा खाल्ल्याशिवाय पेटत नसे. दाढीचं मशीन अर्ध्या गालावर थांबायचं, मग दौलतसिंह चहा घेऊन यायचे आणि उरलेला गाल करायचे. घड्याळाचा पट्टा तिसरा होता. पेन्शनीत घर चालायचं, पण चैन म्हणावी असं काही नव्हतं, आणि दोघांना तिची फारशी आठवणही होत नसे.

या सगळ्यांत जुनं होतं ते कानाचं मशीन. खिशात डबी, तिच्यातून निघालेली वायर कानात. ते ऐकवायचं कमी आणि शिट्ट्या जास्त मारायचं. चारचौघांत शिट्टी वाजली की दौलतसिंहांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, म्हणून ते मशीन बहुतेक वेळ कपाटातच असायचं. समोरच्याचा चेहरा बघून कुठं हसायचं आणि कुठं मान हलवायची हे त्यांना साधलं होतं. जिथं काहीच साधत नसे तिथं ते ‘हो’ म्हणायचे. गणेशोत्सवाच्या मंडळात मांडववाल्याशी भांडायचं काम चार वर्षं त्यांच्याकडे होतं, आणि ते आपल्या गळ्यात कधी पडलं हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

गेल्या दसऱ्याला खरं तर मशीनची पाळी होती. शालिनीताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की यंदा मशीन, ओरडून ओरडून माझा घसा गेला. पण तेवढ्यात मोबाइलच्या काचेवर काळा डाग पसरला. मुलगी गरिमा भोपाळला, ती व्हिडिओवर यायची तेव्हा अर्धीच दिसायची. दौलतसिंह म्हणाले, मोबाइल आधी. बरं मशीन घ्यायचं तर चार मोबाइलची किंमत पडते. मला काय, चालतंय. आपण त्याग करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. शालिनीताई त्यावर काही बोलल्या नाहीत, किंवा बोलल्या असतील तर यांना ऐकू आलं नाही.

पौषात शालिनीताई आजारी पडल्या आणि आजार सरळ फुप्फुसांत उतरला. दवाखान्यात त्यांच्याजवळ त्यांची धाकटी बहीण मधु असायची, दौलतसिंह दुपारी डबा घेऊन जायचे. वॉर्डात पहिल्याच दिवशी मशीननं लांब शिट्टी मारली आणि सहाही खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. त्या दिवसापासून मशीन घरी राहिलं.

एका दुपारी शालिनीताईंनी नाकावरचा मास्क बाजूला केला, यांचं मनगट धरलं आणि काहीतरी म्हणाल्या. दौलतसिंह खाली वाकले. त्यांना फक्त गुणगुण ऐकू आली. ते म्हणाले, हो. शालिनीताईंनी डोळ्यांत बघत पुन्हा तेच म्हटलं. हे म्हणाले, हो, नक्की. तेव्हा शालिनीताईंचा चेहरा सैल झाला, मनगट सुटलं आणि त्यांना झोप लागली. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

दौलतसिंह रडले नाहीत. लोक म्हणाले, शिपायाचं रक्त, धीराचा माणूस. धीर कसला आलाय! आत काही नव्हतंच. भूक नाही, राग नाही, दुःखसुद्धा नाही. ताटात येईल ते खायचं, कुणी बस म्हटलं की बसायचं, एवढंच चाललं होतं.

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. मेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं असलं की असं होतं, म्हणून नातेवाईक एकेक करून पुढे होऊन त्याला शब्द देतात. गरिमा म्हणाली, आई, बाबांना मी सांभाळीन. मधु म्हणाली, तुझी देवपूजा मी करीन. कावळे भिंतीवर बसून राहिले. पलीकडच्या दशक्रियेला आलेली हिंदीभाषक मंडळी, ही माणसं भाताच्या गोळ्याशी काय बोलतायत, म्हणून बघत होती. शेवटी दौलतसिंहांना पुढे केलं. सगळे थांबले, कारण नवऱ्यानं शब्द दिला की कावळा येतो. दौलतसिंह हात जोडून म्हणाले, तू सांगितलंस ते सगळं करीन. काय सांगितलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. कावळा आला नाही. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घरी आली.

त्या दिवसानंतर त्यांच्या बधिर डोक्यात तेवढी एकच गोष्ट जागी राहिली. आपण कशाला हो म्हटलं? गरिमाकडे राहायला जायचं? घर तिच्या नावावर करायचं? कुलदैवताचा काही नवस? मधु तेव्हा खाटेशी होती, तिला विचारता आलं असतं. पण मग बायकोचं शेवटचं बोलणं आपल्याला ऐकूच आलं नाही हे कबूल करावं लागणार. शिवाय मधुचं बोलणं हळू. तीही काही सांगेल आणि आपण तिलाही हो म्हणून घरी येऊ, याची त्यांना धास्ती वाटली.

म्हणून आधी मशीन. चैत्र चालू होता, दसरा सहा महिने लांब, पण त्यांनी नेम मोडला. एक मुदतठेव मोडली आणि बाड्याजवळच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाई म्हणाल्या, अंकल, दोनों कानों की ले लीजिए, आराम रहेगा. दौलतसिंहांनी एकाच कानाचं घेतलं, तेही शोकेसमध्ये ठेवलेलं, थोडं स्वस्तात. बोटाच्या पेराएवढी वस्तू, ना डबी, ना वायर, ना शिट्टी. बाहेर पडल्यावर टेम्पोवाल्याची हाक, केळीवालीची घासाघीस, आपल्याच चपलांचा आवाज, सगळं कानात शिरलं. नवी वस्तू आली की घरात कसा उत्साह असायचा. त्यांना काहीच वाटलं नाही.

तिथून ते थेट सिटी सेंटर वसाहतीतल्या मधुच्या फ्लॅटवर गेले. मधु चहा टाकत होती. तिनं कानातलं नवं मशीन पाहिलं आणि नजर वळवली. दौलतसिंह स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहिले आणि त्यांनी सरळ विचारलं.

“मधु, त्या दुपारी शालिनी मला काय म्हणाली होती?”

मधुनं गॅस बंद केला.

“तुम्ही तर हो म्हणालात ना, दाजी. दोनदा.”

“तू सांग.”

“ताई म्हणाली, उद्या येताना कानाची मशीन लावून या. मला तुमच्याशी काही बोलायचंय.”

एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. तीन महिने त्यांनी घर, नवस, वाटण्या असं काय काय मनात आणलं होतं. हे आणलं नव्हतं. मशीन तेव्हा कपाटाच्या वरच्या खणात होतं, हात लांब केला की येईल असं.

उरलेलं मधुनं न विचारताच सांगितलं, कारण तिलाही ते जड झालं असावं. दुसऱ्या दिवशी दौलतसिंह धुतलेला शर्ट घालून, संत्री घेऊन आले होते. ताईनं आधी त्यांच्या एका कानाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. मधु तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हातानं थांबवलं आणि पाणी मागितलं. दौलतसिंह संध्याकाळपर्यंत खाटेशेजारी बसून पेपर वाचत होते.

“काय बोलायचं होतं तिला?”

“मला नाही सांगितलं. मी म्हटलं, मला सांग, मी दाजींना लिहून देते. तर म्हणाली, राहू दे, ती काही लिहून द्यायची गोष्ट नाही.”

दौलतसिंह स्टुलावर बसले. त्यांना वाटलं, आता तरी रडू येईल. ते वाट बघत राहिले. समोर मधु ओट्याला टेकून पदरात तोंड खुपसून रडत होती, आणि तिचा एकेक हुंदका त्यांना अगदी स्पष्ट ऐकू येत होता.