कणसे सरांचा ‘टेक’ आणि हवालदारांचे वाक्य

हा लेख देण्याची मुदत केव्हाच टळली. गौरवग्रंथाच्या समितीने तीनदा फोन केला, तीनही वेळा मी ‘उद्या देतो’ म्हणालो. कबूल करतो, आळसापेक्षा धास्ती मोठी होती. ज्यांच्यावर लिहायचे त्या वसंतराव कणसे सरांनी सत्काराला अजून होकारच दिलेला नाही. का, ते पुढे येईल.

सरांची पहिली भेट सांगलीच्या मार्केट यार्डात झाली. कॉलेज अर्ध्यात सोडून मी मेढ्याहून निघालो होतो; कुठे जायचे ते ठरले नव्हते. हळदीच्या एका गोदामावरच्या खोलीतून माणसांचा गलका ऐकू आला म्हणून जिना चढलो. आत हमाल, दिवाणजी, दोन नर्सबाई, एक रिक्षावाले; आणि फळ्यावर इंग्रजीतला एकच शब्द, ‘टेक’. सर म्हणाले, “या. टेक अ सीट.” मी उभाच. शेजारचे हमाल पुटपुटले, “बस की गड्या. म्हयनाभर ह्योच शबुद हाय, पळून जात न्हाई.”

सर तेव्हा एका व्यापाऱ्याच्या पेढीवर परगावचा पत्रव्यवहार पाहत आणि कामाआधी सकाळी हा वर्ग घेत. आज पंचाहत्तराव्या वर्षीही घेतात. महिनाभर एकच शब्द, आणि नियमही एकच: पुस्तकातले वाक्य आणायचे नाही. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेले आणायचे, कोण, कुठे, कशासाठी बोलले ते सांगायचे. मग सर ते मोठ्या वहीत, आणणाऱ्याच्या नावासकट उतरवत. टेक म्हणजे घेणे, एवढेच मी शाळेत शिकलो होतो. इथे कळले की औषध घेतात, बस पकडतात, फोटो काढतात, कामाला वेळ लागतो, तिथे सगळीकडे इंग्रजीला हाच शब्द पुरतो. आपण परीक्षा देतो, तीही इंग्रजीत घेतलीच जाते. एक नर्सबाई म्हणाल्या, “म्हणजे घेणाराच नापास व्हायचा का हो?” सर क्वचित हसत, त्या दिवशी हसले.

मला कावीळ झाली तेव्हा सर रोज सरकारी दवाखान्यात येत, उसाचा रस आणत. मी शहाणपणाने इंग्रजीत दुखणे सांगू लागलो तर म्हणाले, “आजारपण मराठीतच काढायचं. बरं झाल्यावर इंग्रजीत सांगा.”

आता सत्काराला होकार का नाही, ती गोष्ट. यार्डात पहारा करणारे शामराव हवालदार वर्गाला येत. शिराळ्याकडचे, फौजेतून निवृत्त. (तिकडची नागांची प्रसिद्ध नागपंचमी पाहायला जायचे माझे दर वर्षी ठरते आणि राहते. असो.) त्यांनी वाक्य आणले: “आमचा सायब चालून दमल्यावर म्हनायचा, टेक फाइव्ह.” सर म्हणाले, “पाच काय? हे वाक्य अपुरं आहे.” मागून कुणीतरी ओरडले, “पाच भाकऱ्या!” वर्ग खदखदला. मीही हसलो. सरांच्याही ओठांवर हसू आले. हवालदार खाली मान घालून बसले आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

पुढे एका जाड शब्दकोशात सरांना ते सापडले: पाच मिनिटे विसावा घ्या. सरांनी ते वर्गापुढे मोठ्याने वाचले. “ऐकलेलं आणा हा नियम मी केला आणि मीच मोडला,” म्हणाले. वाक्य हवालदारांच्या नावाने वहीत लिहिले. तोवर हवालदार नोकरी सोडून गावी गेले होते. सर एसटीने तिथवर गेले, हात जोडले, वर्गाला परत या म्हणाले. हवालदारांनी चहा पाजला, पण म्हणाले, “ऱ्हाऊ द्या सर. लय वय झालं आता.” तेव्हापासून प्रत्येक नव्या वर्गाला सर आपली ही चूक पहिल्याच दिवशी सांगतात. एवढ्या मोठ्या माणसाने एवढे कशाला, असे मला वाटायचे. आता वाटत नाही.

समिती विचारायला गेली तेव्हा सर म्हणाले, “ज्यांची मान मी सगळ्यांदेखत खाली घालायला लावली, ते समोर नसताना हार कसा घालून घेऊ?” म्हणून गेल्या आठवड्यात आमंत्रण घेऊन मी गेलो. हवालदार गोठ्यात होते. पत्रिकेचा कच्चा खर्डा दोनदा वाचला. “ह्येच्यात माजं नाव कशाला?” म्हणाले. मी म्हटले, “आवं, तुमच्यासाठीच सर अडून बसल्यात.” गुरांपुढे वैरण टाकता टाकता म्हणाले, “बगू.”

सत्कार होवो न होवो, माझे मागणे लिहून ठेवतो. सरांचे गुडघे तो जिना अजून पुष्कळ वर्षे चढोत, डोळे शाबूत राहोत, आणि आमच्यासारखे वाट चुकलेले त्यांच्या दारात येत राहोत.

एवढे लिहितो तोच वर्गातून त्या पहिल्या दिवशीच्या हमालांचा फोन. “आरं, शिराळ्याच्या गाडीनं एक बाई आल्यात, वही घिऊन. हवालदारांची मंडळी! म्हनत्यात, ‘मला शिकायचंय. त्यांनी सांगितलंय, आदी तू जाऊन बस, आन् हसत्यात का बग.’”

“आणि सर?”

“सर व्हय? त्यांस्नी आपल्या जाग्यावर बसवून सोता हुभं हायत. कुनी हसंना झालंय, गड्या. तू ये बिगीबिगी.”