पुसलेले चार ठिपके

वडवणीच्या बसस्टँडसमोर शहादेवचा फोटो स्टुडिओ आहे. साठी ओलांडली गड्यानं, पण चेहऱ्यावरचा डाग काढावा तर शहादेवनंच, असं अख्खा तालुका म्हणतो. मुलीच्या स्थळासाठी फोटो हवा असो की हार घालायला बापाचा, लोक चुरगळलेला तुकडा घेऊन येतात आणि शहादेव त्यातून माणूस धुऊनपुसून बाहेर काढतो. आधी ब्रशनं करायचा, आता कॉम्प्युटरवर करतो. हात मात्र तोच आणि त्या हाताचा तोराही तोच.

दुकानात शिरलं की समोर त्याच्या आईचा फोटो. एकोणिसाव्या वर्षी केलेलं पहिलं काम. चेहरा कसा, लोण्यावानी! गिऱ्हाइकाला नमुना म्हणून तो हाच दाखवतो. तेलगावला दिलेल्या बहिणीला, भिवराबाईला मात्र तो कधी पटला नाही. ही आपली आई न्हाई, असं ती चार माणसांत बोलली आणि शहादेवचं डोकंच फिरलं. तुला कलेतलं काय कळतं म्हणाला, पुढचं ऐकूनही घेतलं नाही. त्याला सहा वर्षं झाली. राखी पोस्टानं येते, बहीण येत नाही. करमत नाही त्याला तिच्याशिवाय, पण माघार घेईल तो शहादेव कसला!

परवा शाळेच्या तेजश्री मॅडमनी मोबाइलवरून एक फोटो पाठवला. विज्ञान प्रदर्शनासाठी मोठा काढून ठेवा, दहा वाजता नेते म्हणाल्या. शहादेवनं पाहिला आणि कपाळाला हात लावला. सगळा काळोख, मधोमध काजळी फासल्यासारखा गोल आणि आजूबाजूला धुळीचे चार पांढरे कण. शाळेची इज्जत आपल्या हातात म्हणून तो अर्धा तास राबला. एकेक कण टिपून काढला, मधला गोलही मिटवला आणि स्वतःवरच खूश झाला.

दहाला मॅडम आल्या. गुंडाळी उलगडली आणि त्यांचा चेहराच उतरला.

“काका, यातले ग्रह कुठं गेले?”

शहादेवला वाटलं, थट्टा करतायत. मग मॅडमनी मोबाइल पुढं धरून सगळं सांगितलं. ते चार कण म्हणजे ग्रह. आपल्या सूर्याचे नव्हेत, दुसऱ्याच एका ताऱ्याभोवती फिरणारे. असे ग्रह आहेत हे लोकांना ठाऊक होतं, पण ताऱ्याचा उजेडच एवढा की शेजारचं काही दिसू नये. म्हणून तारा झाकला, तो मधला काळा गोल त्याचाच. २००८ साली त्यातले तीन फोटोत सापडले, दोन वर्षांनी चौथा. तिथला उजेड इथं पोचायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागतात.

शहादेव स्टुलावर मटकन बसला. एवढ्या लांबून, एवढी वर्षं चालत आलेला उजेड, आणि या बहाद्दरानं तो धूळ म्हणून झाडून टाकला! मॅडम समजूतदार. मूळ फोटो आहे की, दुसरा काढून द्या म्हणाल्या. त्यानं लगेच काढून दिला आणि त्या गेल्या.

तेवढ्यात त्याची नजर भिंतीवरच्या आईच्या फोटोवर गेली. आईला एक तीळ होता. चांगला मोठा, उठावाचा. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना तो बोटानं चाचपायचा. फोटोत डाग दिसतो म्हणून त्यानंच काढलेला. आणि इथं दुसरा काढायला मूळ नव्हतं. तो इवलासा फोटो वाळवीनं कधीच खाल्ला होता. आत्ताच्या आत्ता तीळ परत लावायचा म्हणून त्यानं जुना ब्रश उचलला, आणि हात हवेतच राहिला. डावा गाल की उजवा? आठवेना. आपल्याच आईचं तोंड आपल्याला आठवेना, या गोष्टीनं तो मुळापासून हादरला.

तोरा गेला खड्ड्यात. त्यानं तेलगावला फोन लावला.

“भिवरा, आईचा तीळ कोणत्या गालावर हुता गं?”



“गालावर न्हाई, दादा. हनवटीखाली हुता, माझा हाय तिथंच,” भिवराबाई म्हणाली. “उद्याच्या गाडीनं येते. मला समोर बसीव अन् बघून काढ.”