दशभुजेला खुर्चीत बसवताना

दशभुजा हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं तिच्या बालमैत्रिणीने, आधी देवाची क्षमा मागून. पण दुसरं नाव शोभलंही नसतं. दशभुजा दिवसा पुस्तकं काढायची. मुद्रितं तपासायची, मुखपृष्ठं रंगवायची, बांधणीवाला रुसला की पानं चिकटवायची खळसुद्धा स्वतःच शिजवायची. संध्याकाळी नाटक. न खपलेल्या कवितासंग्रहांचे गठ्ठे रचून ती राजाचं सिंहासन करायची. "कविता खपल्या असत्या तर राजाला उभं राहावं लागलं असतं," असं वर म्हणायची. नट आला नाही की त्याची भूमिका हिची. एकदा ती घोड्याचे मागचे पाय झाली, तर लोकांनी टाळ्या मागच्या पायांनाच दिल्या.

अशा बाईचं कौतुक कुणी करत नाही, हे मैत्रिणीच्या मनाला लागून राहिलं होतं. एकदा तरी हिला खुर्चीत बसवून चार चांगले शब्द ऐकवायचेच, असं तिने देवाला सांगून टाकलं. सत्कार ठरला. मंच कुणी सजवला? दशभुजेने. मानपत्र कुणी छापलं? तिनेच.

सभागृह भरलं, खुर्ची रिकामी. सत्कारमूर्ती शिडीवर चढून दिवा फिरवत होती. तेवढ्यात निरोप आला, प्रमुख पाहुण्यांचा घसा बसला, ते येत नाहीत. मैत्रिणीने धावत शिडीखाली येऊन ते सांगितलं.

"एवढंच ना?" दशभुजा शिडीवरून उतरली. "पाहुणे आणते."

आणि पांढरी दाढी, लांब कोट, हातात काठी असे पाहुणे अवतरले. माइक धरून गरजले, "जिचा सत्कार, ती बाई कुठे आहे? वेळेचं काही भान?"

पहिल्या रांगेत मैत्रिणीचे यजमान म्हणाले, "पाहुणे खमके आहेत हो!"

मैत्रिणीने देवाचं नाव घेतलं, मंचावर चढली आणि पाहुण्यांची बाही धरून कुजबुजली, "दशभुजे, मुकाट्याने खुर्चीत बस."

"छे गं, नुसतं बसून मी काय करू?"

खरंच की. या बाईला नुसतं बसणं ठाऊकच नव्हतं. मैत्रिणीला एकदम सुचलं. "अगं, भूमिका आहे. सत्कारमूर्तीची. नटी आलेली नाही."

दशभुजेचे डोळे चमकले. "संवाद?"

"एकही नाही. फक्त ऐकायचं."

"अवघड आहे," दशभुजा गंभीर झाली. "वेश?"

"दाढी काढ, पुरे."

दाढी निघाली, दशभुजा बसली. मैत्रीण बोलत राहिली. खळीचं बोललीच, घोड्याच्या पायांचंही बोलली. दशभुजा ऐकता ऐकता हळूहळू रडायला लागली, मग हुंदकेच द्यायला लागली. सगळं सभागृह उभं राहिलं.

पडदा पडल्यावर तिने नाक पुसलं. "रडणं अंमळ जास्त झालं का गं?"

"जरासं," मैत्रीण म्हणाली. "उद्या ये घरी, तालीम घेऊ."