एका हाकेची काकी

काकींना कशाची भीती वाटत नाही, हे मी तीन उन्हाळे शोधत होतो. सापडलं नाही. विजेची भीती, गव्याची भीती, गॅसच्या सिलिंडरची भीती, तंबूच्या चेनची भीती. "आतनं अडकली मंजी माणसानं काय करायचं?" असं म्हणून त्या नवीन आलेल्या पाहुण्यांना चेन तीनदा उघड-बंद करायला लावायच्या. एकाने ड्रोन उडवला तेव्हा पदर डोक्यावर घेऊन त्या चुलीमागे जाऊन बसल्या होत्या. आणि अशा बाईच्या जमिनीवर, जंगलाला लागून, धरणाच्या पाण्याकाठी आम्ही लोकांना कापडात झोपवायचा धंदा काढला होता.

मी मूळचा उंब्रजचा. पुण्यातली नोकरी सोडली तेव्हा पाटणच्या वरची ही पडीक जमीन मला कुणीतरी दाखवली. जमीन काकींची, तंबू माझे, स्वयंपाक पुन्हा काकींचाच, असं ठरलं. खालच्या सपाटीवर वीज आणि पाण्याचा नळ नेऊन कॅराव्हॅन उभ्या करायला जागा केली. पहिली कॅराव्हॅन आली त्या दिवशी काकी तिच्याभोवती लांबूनच दोन फेऱ्या मारून आल्या आणि म्हणाल्या, "घराला चाकं लावली मंजी ते पळणारच की रं." मग चारही चाकांना स्वतःच्या हाताने दगड लावले. गाडीचे मालक म्हणत होते, हँडब्रेक आहे. काकी म्हणाल्या, "आसू दे. दगडाला कळत न्हाई बिरेक हाय का न्हाई ते."

त्यांची खरी ओळख संध्याकाळी व्हायची. दिवस मावळायला लागला की त्या हाताचं पीठ धुऊन निघायच्या आणि प्रत्येक तंबूपुढे उभं राहून आतल्या माणसाला नाव घेऊन हाक मारायच्या. आतल्याने "ओ" म्हणायचं. "हो", "येस", "आहे ना काकी" यातलं काही चालायचं नाही. नवऱ्याने बायकोच्या वतीने उत्तर दिलेलं तर अजिबात नाही. "ज्याची ओ त्यानंच द्याची," असा नियम होता. पोरंटोरं खूश असायची, मोठ्या माणसांना मात्र हसू यायचं. मलाही सुरुवातीला लाज वाटायची. शहरातून पैसे मोजून आलेल्या लोकांची ही अशी शाळेसारखी हजेरी घेणं बरं दिसत नाही, असं मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहिली हाक मलाच मारली.

आमच्याकडे कामाला दगडू होता, शेजारच्याच वाडीतला, चांगला पन्नाशीचा माणूस. त्याला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. आपल्या भागात लहानपणापासून शिकवतात की अंधार पडल्यावर बाहेरून एकच हाक आली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. एकदाच मारणारं दुसरंच काहीतरी असतं, आणि त्याला ओ दिली की ते आपल्याला घेऊन जातं. हे माझ्या आजीनेही मला सांगितलं होतं आणि खोटं कशाला बोलू, शिकूनसवरूनही ते माझ्या अंगातून गेलेलं नव्हतं. दगडू म्हणायचा, "काकी, तुमी उलटी रीत पाडताय. लोकास्नी एका हाकंला ओ द्याची सवय लावताय. कवातरी नडंल."

काकींनी हाका मारणं सोडलं नाही. मला एकदा त्यांनी भाकरी थापता थापता कारण सांगितलं, अगदी हवापाण्याचं सांगावं तसं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं होतं आणि त्यांचे मालक खाली लावलेलं मासळीचं जाळं काढायला गेले होते. दिवस मावळला. काकी चुलीपाशी होत्या. खालून हाक आली. एकच. काकींचं नाव. त्या उठल्या, तर सासूने मनगट धरलं. म्हणाली, थांब, तिसरी हाक येऊ दे. दोघी ऐकत बसल्या. दुसरी आलीच नाही. उजाडल्यावर ते गाळात सापडले, कमरेपर्यंत रुतलेले आणि तोंडावर पडलेले.

"सासूचा दोष न्हाई. तिला बी तसंच शिकवल्यालं," काकी म्हणाल्या. मग तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मला लय भ्या वाटतं रं बाबा. पर भ्यालं तरी ओ द्याची."

त्या गाळाची भीती तेव्हापासून मलाही बसली. उन्हाळ्यात पाणी सरकतं, तिथे जमीन वाळते, भेगा पडतात, वरून ती अगदी अंगणासारखी दिसते. आत मात्र पातळ असते. आम्ही दोरी बांधली होती, पाटी लावली होती. पण दोरीच्या पलीकडे पक्षी उतरायचे, आणि पक्षी बघायला आलेल्या माणसाला दोरी दिसत नाही.

त्या एप्रिलमध्ये मेधाताई आणि त्यांचे यजमान कॅराव्हॅन घेऊन आले होते. दोघंही निवृत्त, हौशी. मेधाताईंच्या गळ्यात कायम कॅमेरा. काकींच्या हाकेला त्या ओ द्यायच्या खऱ्या, पण जरा उपकार केल्यासारखी. चौथ्या दिवशी संध्याकाळी काकी कॅराव्हॅनपुढे उभ्या राहिल्या. आत एसी चालू होता, दार बंद. यजमानांनी आतूनच सांगितलं, "आहोत हो, दोघंही आहोत. ती झोपलीय बहुतेक."

"त्यांची ओ त्यांनीच द्याची," काकी म्हणाल्या.

ते जरा चिडूनच आतल्या पलंगापर्यंत गेले आणि परत आले ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने. पलंग रिकामा होता.

सूर्य डोंगराआड गेला होता. मी आणि दगडू तिथेच होतो. कुणी काही बोलणार एवढ्यात खालून, पाण्याच्या अंगाने, हाक आली. लांब, चिरकी, बाईची का जनावराची तेही कळेना. आणि मग काहीच नाही. दगडूने माझा दंड धरला. त्याचा हात गार पडला होता. "एकच हाय, दादा," तो पुटपुटला. मी वाट बघत होतो. कसली, ते मला माहीत होतं.

"ओऽऽ!"

काकी ओरडल्या होत्या. एका हाताने त्यांनी कॅराव्हॅनची कड धरली होती आणि दुसऱ्या हाताने चाकांजवळच्या फळ्या दाखवत होत्या. गाडी सपाट उभी राहावी म्हणून आम्ही चाकांखाली लांब फळ्या घालत असू. जास्तीच्या बाजूला रचलेल्या होत्या. "घ्या त्या," त्या म्हणाल्या. "आन् दोर."

मेधाताई छातीपर्यंत आत होत्या. आम्ही फळ्या एकापुढे एक टाकत गेलो, आणि माझं वजन पडलं की फळी दबून कडेने काळं पाणी वर यायचं. सगळ्यांत हलक्या काकीच. त्या फळीवर पालथ्या पडून सरकत पुढे गेल्या. रडत होत्या. रडत रडतच दर थोड्या वेळाने हाक मारत होत्या, "मेधाताई!" आणि समोरून घोगरी ओ आली की पुढे सरकत होत्या. एकदा ओ आली नाही. काकी तिथेच थिजल्या. त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि ती इतकी मोठ्याने की समोरचे बगळे उडाले. मग आली.

काकींनी दोर मेधाताईंच्या काखेतून घातला, मी, दगडू आणि यजमान, आम्ही तिघांनी ओढला, त्या निघाल्या. चप्पल आणि कॅमेरा गाळातच राहिला.

चुलीपाशी गरम पाण्याने अंग धुऊन झाल्यावर मेधाताईंना बोलता आलं. म्हणाल्या, "किती हाका मारल्या मी. वारा उलटा होता. घसा बसला. शेवटची मारली आणि मग आवाजच फुटेना."

काकी त्यांच्या पायाला तेल चोळत होत्या. हात थांबला.

"मंजी त्यांनी बी आदी मारल्या आसतील," त्या म्हणाल्या.

कुणाबद्दल बोलताहेत ते फक्त मला कळलं. पुन्हा त्या चोळायला लागल्या. त्या संध्याकाळपासून दिवस मावळताना त्या चूल विझवायच्या, मिक्सर लावू द्यायच्या नाहीत, कुणाला गाणी वाजवू द्यायच्या नाहीत. आवाजात हाक बुडेल, म्हणायच्या. जेवायला उशीर व्हायचा. पाहुण्यांनी तक्रार केली तर मी खाली मान घालून ऐकून घेत असे.

पुढच्या थंडीत त्यांच्या लेकीने त्यांना सांगलीला नेलं, छातीचं दुखणं होतं म्हणून. रोज संध्याकाळी फोन यायचा. सगळ्यांनी ओ दिली का, एवढंच विचारायच्या. एका संध्याकाळी फोन आला नाही. मी केला, तर लेक रडत होती.

हाका आता मी मारतो. या उन्हाळ्यात एकदा सगळे तंबू करून झाले होते, सगळ्यांची ओ आलेली होती, आणि खालून हाक आली. एकच. दगडूने माझ्याकडे बघितलं. आपली सगळी माणसं वर आहेत, हे मला माहीत होतं. तिकडे कुणी असायचं कारण नव्हतं.

ओ मी दिली, पण माझ्याआधी दगडूने दिली होती.

फळ्या, दोर, बॅटरी घेऊन आम्ही पार काठापर्यंत गेलो. गाळावर पाऊल नव्हतं, कुठे खचलेलं नव्हतं, काही नव्हतं. आम्ही हाका मारल्या, गप्प राहून ऐकलं, पुन्हा मारल्या. परतताना दोघंही मागे वळून बघत होतो. कोण होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पण त्या रात्री मी झोपलो, कारण ओ दिलेली होती.