धोंड्याचा महिना मी कुठं घातला

पाठांतराच्या बाबतीत मी हुशार होतो, हे आधीच सांगून टाकतो; कारण पुढं माझ्याबद्दल सांगण्यासारखं चांगलं काही येत नाही.

धाराशिवला वैद्यकीय कॉलेजात स्त्रीरोग आणि प्रसूतीचा विषय लागला, तेव्हा आम्हा पोरांची हालत वाईट होती. पुस्तक उशीएवढं जाड. त्यातली नावं इंग्रजीत आणि ती लक्षात ठेवायच्या युक्त्याही इंग्रजीत. युक्ती लक्षात राहायची, तिच्यातल्या एकेका अक्षरामागं काय होतं तेवढं निसटायचं. मी ठरवलं, हे आपल्या भाषेत करायचं. बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, त्याची मुख्य कारणं चार. मी केलं : 'ढिलं पडलं, आत राहिलं, फाटलं, गोठंना.' म्हणजे पिशवी ढिली पडली, वारेचा तुकडा आत राहिला, कुठंतरी फाटलं, नाहीतर रक्तच गोठेना. एका चहात अख्ख्या होस्टेलला पाठ.

बाळाचं डोकं बाहेर येताना कसं वळत येतं, ते मी गच्च भरलेल्या एसटीतून उतरणाऱ्या माणसावर बसवलं होतं. दारापाशी येतो, पायरी उतरतो, हनुवटी छातीला लावतो, गर्दीत अंग वळवतो, दाराबाहेर मान वर काढतो, मग बॅग ओढायला बाजूला वळतो आणि खांदे सुटले की एकदम बाहेर. हे मी होस्टेलच्या जिन्यात करून दाखवायचो. वरच्या मजल्यावरची पोरं बघायला यायची. परीक्षेत बाळ सोडून एसटीच लिहून आलेला एकजण होता, पण त्याचा दोष मी माझ्याकडं घेत नाही.

माझं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे सणांचं कोष्टक. ओपीडीत बाईला विचारायचं, शेवटची पाळी कधी आली? शहरातली बाई तारीख सांगते. आमच्याकडची बाई म्हणते, 'पोळ्याच्या दुसऱ्या दिशी.' मग आपण मोबाईलवर पोळा शोधायचा, त्यात नऊ महिने सात दिवस मिळवायचे, तोवर मागची बाई म्हणते, 'डाक्टर, माझी गाडी जाती.' मी म्हटलं, सणावरून सणच का काढू नये? बसलो हिशेबाला आणि निघालं चक्क. होळीची पाळी, येळवसला बाळी. पोळ्याची पाळी, वडाला दोरा. येळवसची पाळी, कोजागिरीला बाळी. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या; त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवायला असतं, गावात कुत्रं सापडत नाही. कोष्टक मी कार्डशीटवर काढून खोलीच्या दारावर चिकटवलं. ज्युनियर पोरं येऊन फोटो काढून नेऊ लागली. एकानं तर दाराला हात लावून पाया पडल्यासारखं केलं. मला ते आवडलं होतं, हेही लिहायला पाहिजे.

त्या वर्षी पावसाळ्यात चुलत्यांच्या घरी जावयाला धोंड्याचं जेवण होतं, म्हणून मी गावी गेलो. आमचं गाव धाराशिवपासून एसटीनं तासाभरावर. पुरणाचे धोंडे, अनारसे, जावयाला चांदीचं निरांजन. जावई लाजत होता, मी त्याच्या वाट्याचे अनारसे खात होतो. चुलत भावाची बायको, म्हणजे माझी वहिनी, सातवा महिना लागलेली, भिंतीला टेकून बसली होती. आधी दोन वेळा तिचं तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच पडलं होतं. हे तिसरं टिकलं होतं, म्हणून घरात तिला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हतं.

चुलती म्हणाली, "आरं, हिचं कार्ड बघ की. डाक्टर झालास म्हणं."

"अजून व्हायचाय, काकू."

"व्हतूस की. बघ."

कार्डावर उपकेंद्राच्या सिस्टरनं बाळंतपणाची तारीख घातली होती, सप्टेंबर अखेरची. मी वहिनीला विचारलं, "शेवटची पाळी कधीची?"

"येळवसची. पहिला दिवस त्योच."

"नक्की?"

"आता भाऊजी, सगळे शेतात भज्जी-आंबील खायला गेले आन् मी एकली घरी बसले. ती येळवस मी इसरंन व्हय?"

याहून पक्की तारीख कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. मी बोटांवर न मोजता म्हणालो, "येळवसची पाळी, कोजागिरीला बाळी." सगळे हसले. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत मी कोजागिरीची तारीख काढली, ऑक्टोबरच्या शेवटची, आणि खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढून कार्डावरच्या सप्टेंबरवर दोन रेघा ओढल्या.

"सिस्टरनं तर गणपती बुडवायच्या दिवसातली सांगितलीया," वहिनी म्हणाली.

"त्यांच्याकडं एक चकती असते, ती फिरवतात. फिरवताना सरकली असंल."

"आन् सोनोग्राफी केलीया, तिचा कागद हाय पिशवीत. काढू?"

"राहू द्या. त्यात मागंपुढं होतंच."

पिशवी माझ्यापासून हातभर अंतरावर खुंटीला होती. माझ्या हाताला अनारशाचं तूप होतं, म्हणून मी ती उघडली नाही. इतकं साधं कारण आहे ते. पुष्कळ दिवस मी दुसरं काहीतरी मोठं कारण शोधत होतो.

पुढचं मला नंतर कळत गेलं. गणपती बुडाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर घरी आली की दवाखान्यात चला. चुलती दारातच म्हणाली, "आमच्या पोरानं कोजागिरी सांगितलीया. त्यो धाराशिवला शिकतुया." सिस्टर म्हणाली, "शिकू द्या की, मी कुठं न्हाय म्हणते. पण तारीख उलटली." तिला चहा पाजून परत पाठवलं. ती पुन्हा आली, पुन्हा चहा. घट बसायच्या आदल्या दिवशी ती तिसऱ्यांदा आली ती चहाला बसलीच नाही. वहिनीच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "लेकरू हलतंय का?" वहिनी म्हणाली, "कालपासनं कमी." सिस्टरनं तिथंच उभ्या उभ्या एकशेआठला फोन लावला.

मी तेव्हा लेबर रूमला पोस्टिंगवर होतो. स्ट्रेचरवरून वहिनी आत आली तेव्हा माझी पहिली भावना, खरं सांगतो, आनंदाची होती; ओळखीची केस म्हणून. मग आमच्या युनिटच्या मॅडमनी कार्ड हातात घेतलं.

"बाईंना दोन आठवडे वर झालेत. पाणी कमी झालंय. ही खाडाखोड कुणी केली?"

खोलीत सात-आठजण होतो. मी ट्रेजवळ उभा. वहिनीनं माझ्याकडं बघितलं नाही. अगदी ठरवून छताकडं बघत म्हणाली, "म्याच सांगितलं, मॅडम. मला नीट आठवत नव्हतं."

मॅडमनी केसपेपरवर लिहिलं : पाळीची तारीख खात्रीलायक नाही. तो कागद क्लिपबोर्डला लावायचं काम माझ्याकडं होतं. मी लावला.

सिझेरियन झालं. बाळानं पोटातच शी केली होती, पाणी हिरवं. मुलगी निघाली, पण रडली नाही. बालरोगवाल्यांनी तिला तिथंच टेबलावर घेतलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. बाळ रडलं नाही तर कुठल्या मिनिटाला काय करायचं, याचीही माझी एक कविता होती. तिची पहिली ओळसुद्धा आठवेना. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा, आणि तिला काचेच्या पेटीत घालून नेलं.

बाहेर भाऊ उभा होता. तो म्हणाला, "तू हुतास म्हणून बरं झालं."

तिसऱ्या दिवशी राऊंड होता. मुलगी अजून पेटीत, नळीनं दूध. मॅडम वहिनीच्या कॉटशी थांबल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "खेड्यातल्या बायकांना तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. मग तुम्ही हिशेब कसा कराल?"

माझा खोलीतला जोडीदार अभिमानानं पुढं झाला. "मॅडम, यानं कोष्टक केलंय. येळवसची पाळी, कोजागिरीला बाळी." माझ्या पाठीवर थापही मारली.

मॅडम हसल्या. "छान आहे. यंदा येळवस ते कोजागिरी किती महिने होतात, मोज बरं."

मी बोटांवर मोजायला लागलो. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. आषाढापर्यंत ठीक होतं. मग श्रावण. मग पुन्हा श्रावण. एक अधिक आणि एक आपला नेहमीचा. माझं बोट तिथंच थांबलं.

"किती?"

"साडेदहा."

"बाई आहे का हत्तीण? धोंड्याचा महिना कुठं घातलास?"

जोडीदार म्हणाला, "तो जावयाला दिला, मॅडम."

सगळे हसले. हसणाऱ्यांत मी पण होतो, कारण न हसणारा एकटा दिसला असता. हसत हसत माझी नजर कॉटवर गेली. वहिनी हसत नव्हती. ती बोटं मोजत होती. तिनं ती दोनदा मोजली, मग हात पांघरुणात घेतला. इतके दिवस तिनं मला पाठीशी घातलं होतं, पण कुठंतरी तिलाही वाटत असणार की घरचा डॉक्टर चुकणार नाही, आपलंच काही चुकलं असंल. ते त्या क्षणी फिटलं. राऊंड पुढच्या कॉटवर सरकला तेव्हा ती माझ्यामागून हळूच म्हणाली, "मला येळवस बरूबर आठवत होती, भाऊजी."

मी पुढच्या कॉटवर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की कार्डावरच्या रेघा माझ्या आहेत.

"काल का नाही बोललास?"

"लाज वाटली."

"आणि त्या बाईला वेंधळी ठरवलं ते?"

त्यांनी केसपेपर मागवला. स्वतःच्या वाक्यावर रेघ ओढली, खाली मला लिहायला लावलं की रुग्णानं सांगितलेली तारीख बरोबर होती, हिशेब करणाऱ्यानं अधिक महिना मोजला नाही. मी लिहिलं, सही केली, खाली त्यांनी केली. मग म्हणाल्या, "खाडाखोडीवरून मी त्या सिस्टरला फोनवर नाही नाही ते बोलले. तिला फोन कर. इथंच कर, माझ्यासमोर."

मी फोन लावला. सगळं सांगून झाल्यावर सिस्टर म्हणाली, "तुमचंच हाय ते मला तवाच कळलं. आमच्या उपकेंद्रात हिरवी शाई कुठली?" आणि मग, "लेकरू अंगावर प्यायला लागलं का?"

मी म्हणालो, अजून नाही.

"मग मला सॉरी म्हणायला वेळ कसा हाय तुमच्याकडं? जावा, बघा जावा."

मुलगी आठव्या दिवशी अंगावर प्यायली. वहिनीला मी सरळ सांगितलं की चूक माझी होती आणि कागदावर तसं लिहिलंय. ती म्हणाली, "कागदावर कशाला लिवायचं? पास करत्यात का न्हाय आता तुम्हाला?"

कोष्टक मी दारावरून फाडलं. कार्डशीट फाटते, फोटो फाटत नाहीत. सहा महिन्यांनी ते मला व्हॉट्सॲपवर कुणा अनोळखी ग्रुपमधून परत आलं, 'पुष्कळदा पुढे पाठवलेले' अशा खुणेसकट, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, ग्रामीण पोस्टिंगला जाणाऱ्यांनी जपून ठेवा. मी प्रत्येक वेळी खाली लिहितो की अधिक महिना असला तर हे चुकतं, इंग्रजी तारखेनं मोजा, आधी सोनोग्राफीचा कागद बघा. लोक अंगठा दाखवतात आणि पुढं पाठवतात. या वर्षीच्या पोरांना माझा एकच सल्ला असतो : युक्ती कितीही सुरेल असली तरी बाईची पिशवी उघडून बघा. सुरेल असली तर दोनदा बघा.

जन्मताना उशिरा रडलेल्या बाळाचं खरं काय झालंय, ते लगेच कळत नाही. मान कधी धरते, कधी बसते, कधी चालते, दोन्ही हात सारखे वापरते का, यावरून कळत जातं. म्हणून मी सुट्टी मिळाली की गावी जातो. चौथ्या महिन्यात मान धरली का बघितलं. बसायला लागली तेव्हा मी मुद्दाम मागं उशी ठेवली नाही आणि चुलतीच्या शिव्या खाल्ल्या. चालायला तिनं दीड वर्ष लावलं. तेवढं चालतं, बऱ्याच पोरांना लागतं, हे मी इतरांच्या आयांना शांतपणे सांगू शकतो.

आता ती दोन वर्षांची झाली. गेल्या खेपेला मी तिच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा धरला, डावीकडं नेला, उजवीकडं नेला, मग विचारलं, "नाक कुठं? कान कुठं?" तिनं दाखवलं. "दोन शब्द जोडून बोल बरं." ती म्हणाली, "किल्ली दे." मी पुन्हा विचारलं, नाक कुठं.

वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. न वळता म्हणाली, "बास की भाऊजी. पोरगी बरी हाय."

"बघतोय नुसतं."

"दर खेपंला बघता. आता तिला किल्ली द्या, रडंल न्हायतर."

मी किल्ली दिली. तिनं ती तोंडात घातली. उजव्या हातानं घेतली की डाव्या, ते मी बघून ठेवलं.