नाव घेते, वाट माझी सोडा

जेवणं झालीयत, ऊन गॅलरीच्या कठड्यावरून हळूहळू खाली उतरतंय, आणि शालनबाईंच्या मांडीवर तांदळाचं ताट आहे. डोळे पेंगतायत, पण बोटं चालूच. खरं तर दुकानातल्या तांदळात हल्ली खडा औषधालाही सापडत नाही. सूनबाई रोहिणी त्यात मूठभर मसूर मिसळून देते आणि म्हणते, "आई, एवढं निवडता का? तेवढंच माझं काम हलकं होईल." डॉक्टरांनी सांगितलंय ना, हाताला आणि डोक्याला काम द्या, माणसांत ठेवा. ते मसुराचं गुपित शालनबाईंना पहिल्याच दिवशी कळलंय. कळलं नसल्याचं सोंग त्या करतात. सोंगं काय, आता त्यांना बरीच जमतात.

सगळ्यात मोठं सोंग दवाखान्यातलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी वार विचारला, महिना विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. सगळं पार पडलं. मग सहज म्हणून विचारलं, "आजी, आजोबांचं नाव काय हो?" आणि शालनबाईंच्या डोक्यात नुसता अंधार. उभा जन्म ज्यांच्यासोबत काढला, त्यांचं नाव नाही! त्यांनी पदर सावरला, मान खाली घातली आणि म्हणाल्या, "आमच्यात नाव घेत नाहीत, बाई." डॉक्टरीणबाई हसल्या. रोहिणीही हसली. "राहू दे, फाइलवर आहे," म्हणाली.

घरी आल्यावर देवघरातल्या तांब्यावर कोरलेलं नाव त्यांनी चोरासारखं वाचलं. दुसऱ्या दिवशी ते परत गेलं. वाचणं वेगळं आणि आठवणं वेगळं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. मग भजनी मंडळ सोडलं, खाली बाकावरच्या बायकांत बसणं सोडलं. न जाणो, कुणी काही विचारलं तर? उद्या पुन्हा दवाखाना आहे. सकाळी रोहिणीनं विचारलंच, "आई, काही विसरायला होतंय का? खरं सांगा, म्हणजे औषध वेळेत सुरू करता येईल."

"छे गं! मला काय धाड भरलीय?" शालनबाई म्हणाल्या.

बोटं संथ होतात. एक मसूर हाताशी येतो, निसटतो. मनगटातली पाटली ताटावर वाजते, आणि तो आवाज लांबत लांबत कर्ण्याच्या खरखरीत मिसळून जातो.

कराडचा स्टँड आहे. फलाटांवर गाड्या लागल्यात, पण पाट्या सगळ्या कोऱ्या. शालनबाईंच्या हातात ताट तसंच आहे, तांदूळ सांडू नयेत म्हणून त्या जपून चालतायत. त्यांचे मालक याच स्टँडावर कंट्रोलर होते, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते कर्ण्यावरून पुकारायचे. गेल्या वर्षी वारले. आणि ते बघा, गर्दीतून पुढे चाललेत! तीच खाकी पँट, तीच एक खांदा पाडून चालायची तऱ्हा.

"अहो!" शालनबाई हाक मारतात.

स्टँडावरचे झाडून सगळे बाप्ये मागे वळून बघतात. पानवाला, ड्रायव्हर, पिशव्या सांभाळत बसलेले म्हातारे. एकटे तेच वळत नाहीत.

"अहो, थांबा की जरा!"

पुन्हा सगळे वळतात. शालनबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं होतं. जळली मेली ही हाक! सगळ्यांची, आणि कुणाचीच नाही. त्या तशाच चौकशीच्या खिडकीशी जातात.

"कोण हरवलंय, बाई?" आतून आवाज येतो.

"आमचे हे."

"ह्यांना काही नाव असेल की. सांगा, पुकारतो."

शालनबाई मान वर करतात. आत तेच बसलेत. पांढरी मिशी, चष्मा कपाळावर.

"माझी चेष्टा करताय होय?"

"चेष्टा कसली, शालन? नावाशिवाय पुकारू कुणाला?"

"आमच्यात नाव घेत नाहीत," त्यांच्या तोंडून निघून जातं, आणि त्या जीभ चावतात.

ते चष्मा काढून खाली ठेवतात. "हे त्या पोरीला सांगितलंस, ठीक. मला सांगू नकोस."

शालनबाईंचा बांध फुटतो. "विसरले हो मी! तुमचंच नाव विसरले. कुठल्या तोंडानं सांगू कुणाला?"

"विसरलीस तर विसरलीस. मी काय कमी विसरत होतो? चष्मा कपाळावर आणि शोधायचो घरभर."

"त्यात आणि ह्यात फरक आहे."

"आहेच. मी ओरडून घर डोक्यावर घ्यायचो. तू तोंड मिटून कोपऱ्यात बसलीस. विसरणं तुझ्या हातात नाही, शालन. लपवणं आहे. त्यानंच गंज चढतो बघ."

"एकदा सांगा ना. हळूच कानात सांगा."

"मी सांगितलं तर परत जाईल. तुझं तू काढ."

खिडकी आता दार झालीय. दारात नणंदा आडव्या उभ्या आहेत, हळदीचा वास सुटलाय, आणि शालनबाई नव्या नवरीच्या शालूत घामाघूम. ताट हातातच. ह्याच तांदळात अंगठीनं त्यांचं नवं नाव लिहिलं होतं, शालन म्हणून. माहेरची ती ठकू तिथंच संपली.

"मला नाव दिलंत," त्या दाराआड बघून रागानं म्हणतात, "आणि तुमचं तेवढं माझ्या तोंडात राहू दिलं नाही कुणी!"

"नाव घे, मगच आत ये!" नणंदा ओरडतात.

उखाणा आपोआप ओठांवर येतो:

"ताटात तांदूळ, तांदळात नाही खडा,
...रावांचं नाव घेते, वाट माझी सोडा!"

"कुठले राव गं?" नणंदा खिदळतात. मागचा राव शिल्लक आहे, पुढचा माणूसच गायब.

दाराआड गाडी सुरू होते. ते पायरीवर उभे आहेत, एक हात दांडीला. गाडी हलते. आता "अहो" म्हटलं तर सगळा स्टँड वळेल, तेवढे ते वळणार नाहीत. शालनबाई नणंदांना ढकलतात, पदर पडला तर पडू देतात, आणि पोटातून हाक मारतात. अहो नाही. नाव.

गर्दीत एकच माणूस वळतो.

"आई? कुणाला हाक मारलीत एवढ्यानं?" रोहिणी चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दारात उभी आहे.

शालनबाईंचा घसा खरवडून निघालाय. त्या मांडीवर बघतात. तांदूळ बोटानं दुभंगलेत, मसूर कडेला गेलेत, आणि ताटाच्या मधोमध चौथी शिकलेल्या वाकड्या अक्षरात, रफारासकट लिहिलंय: सर्जेराव.

हात पहिला जातो तो ताट हलवायलाच. एक हिसका दिला की सगळं सारखं. रोहिणी अजून दारातच आहे, तिला काही दिसलेलं नाही. पण हात ताटाच्या काठावरच थांबतो.

"रोहिणी, इकडं ये. त्या दिवशी दवाखान्यात मी खोटं बोलले. नाव घेत नाहीत म्हणून नव्हे गं. मला आठवलंच नव्हतं."

रोहिणी कप खाली ठेवते, शेजारी बसते, ताटातलं वाचते.

"आणि आता, आई?"

"आता आठवतंय. सर्जेराव." शालनबाईंच्या डोळ्यांतून पाणी येतं. "उद्यापर्यंत राहील असं नाही. पण उद्या डॉक्टरांना मीच सांगीन. सांगायचंच विसरले, तर तू आठवण कर."

रोहिणी ताट दोन्ही हातांनी उचलते. दाणा हलू न देता, पाऊल जपून टाकत ती ते आत नेते आणि ओट्यावर ठेवते.

"आज भात नको," आतून तिचा आवाज येतो. "भाकरीच टाकते."