टॉवेलाखालची बोटं
सत्कारातल्या कोऱ्या टॉवेलाचा खळीचा वास आला, की मला आमच्या विभागप्रमुखांची खोली आठवते. मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो आणि माझ्या नावावर एकच शोधनिबंध होता, आटपाडीकडच्या बैलबाजारावरचा. तिथे दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेलाखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरवतात, त्याबद्दल मी लिहिलं होतं. कित्येक वर्षं त्याचा संदर्भ कुणीच दिला नाही. मग एका उन्हाळ्यात संदर्भांचा आकडा भराभर चढायला लागला. आनंद व्हायच्या आधी मला शंका आली, म्हणून मी ते नवे निबंध उघडून पाहिले. एक पर्यटनावर, एक विम्यावर, बैलाचं नाव कुठेच नाही, तरी प्रत्येकाच्या शेवटच्या यादीत मी होतो. लिहिणारे सगळे आमच्या सरांच्या ओळखीचे. मी विचारायला गेलो, तेव्हा सरांच्या टेबलावर आदल्या दिवशीच्या सत्काराचा टॉवेल पडला होता. सरांनी उठून दार लोटलं. "लय चौकशा कशाला करताय? आमी तुमचं नाव घातलं, आता तुमी आमचं घाला," म्हणाले, आणि तो टॉवेल माझ्या हातावर टाकून त्याखाली त्यांनी माझी चार बोटं दाबली. म्हणजे माझ्या चार निबंधांत त्यांचं नाव. अगदी मी लिहिलं होतं तसंच. माझा निबंध खरोखर वाचलेला तो पहिला माणूस. परवा मला बढती मिळाली म्हणून माझा सत्कार झाला, आणि त्या दिवशी सरांच्या खोलीत मी हात काढून घेतला होता का, हे कुणीच विचारलं नाही.